पाय टेकले पाहिजेत

मला राग लवकर येतो. आमच्या अप्पांनाही यायचा, आणि त्यांच्या हातात कायम कात्री असायची म्हणून लोक दोन पावलं लांब उभे राहायचे. माझ्या गळ्यात नुसती टेप असते, त्यामुळे मला कुणी घाबरत नाही. पण यंदा आषाढापासून नवरात्रापर्यंत मी जेवढी चिडले, तेवढी जन्मात चिडले नसेन, आणि तेही एका जागी ठोकलेल्या सायकलीपायी.

आमचं शिवणाचं दुकान इथे कानडी मुलखात, चिकपेटच्या जुन्या बाजारातल्या एका गल्लीत, साडीच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. आजोबांनी थाटलं, अप्पांनी वाढवलं, आता मी आणि अण्णा चालवतो. अण्णा माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. तो खाली जिन्याशेजारच्या काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक, मापं, लेस, बटणं, फॉल बिडिंग, सगळं तो बघतो. वरच्या खोलीत मी कापते आणि दोन बायका शिवतात. खालून वर कापड जातं ते दोरी बांधलेल्या टोपलीतून. अण्णा खालची घंटी ओढतो, आम्ही खिडकीतून टोपली वर घेतो. तयार ब्लाऊज त्याच टोपलीतून खाली.

जिना तेवीस पायऱ्यांचा. उभा, अरुंद, धरायला कठडा नाही, भिंतीला लावलेला जाड दोर आहे. या जिन्यावरून मी चाळीस वर्षं चढले-उतरले, परकरात, साडीत, पोटात पोर असताना. मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. मे महिन्यात एका दुपारी तो मधल्या वळणावर असा धरला की वरही जाता येईना आणि खालीही येता येईना. शेवटी गल्लीतल्या दोन हमालांनी मला खुर्चीत बसवून खाली आणलं. साडीच्या दुकानातली सगळी माणसं बाहेर येऊन बघत होती. एका बाईने तर मोबाइल काढला. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी बोलला.

"हे बघ, यंदाची नवमीची आयुधपूजा वरच्या खोलीतली शेवटची. साडीवाल्याला गोदाम पाहिजेच आहे, देऊन टाकू त्याला. आता आपलं वय राहिलं का असल्या जिन्याचं?"

"आणि टेबल?"

"मोडावं लागेल."

आमचं कापायचं टेबल फणसाच्या लाकडाचं आहे. अप्पांनी सुताराला वर बसवून खोलीतच जोडून घेतलं. ते जिन्यातून खाली उतरत नाही, खिडकीतून निघत नाही. त्याच्या कडेला अप्पांनी कोरलेल्या इंचाच्या खुणा आहेत, माझ्या बोटांना त्या न बघता सापडतात. आणि हा माणूस म्हणतो मोडावं लागेल, जसं काही फुटकं तबकच फेकायचं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आयुधपूजेच्या दिवशी मी माझ्या पायांनी वर गेले तर? न थांबता, तेवीसच्या तेवीस?"

"मग बघू."

"बघू नाही. मग दुकान राहील असं म्हण."

"राहील," अण्णा म्हणाला, पण बटणांच्या डब्याकडे बघत. त्याच्या मनात काहीतरी वेगळं होतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण चिडलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, स्वतःचाच आवाज ऐकू येतो.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचा भार मांडीने उचलायचा असतो, तुमच्या मांड्या बसून बसून ढिल्या पडल्यात. त्या बळकट करा. जिना नको, चालणं थोडं, सायकल चालवा. आता आम्ही राहतो त्या येलहंकाच्या रस्त्यावर मी या वयात सायकल चालवायची म्हणजे गुडघ्याआधी कवटीचं ऑपरेशन. तेव्हा घराजवळच्या इडली-दोशाच्या हॉटेलवर तिसऱ्या मजल्यावर जो सायकलचा क्लास चालतो, तिथे मी नाव घातलं. तिथे जायला लिफ्ट आहे. ज्यांचे पाय धडधाकट त्यांच्यासाठी लिफ्ट, आणि माझ्यासाठी चिकपेटचा जिना.

आषाढात लग्नं नसतात, ब्लाऊजांची गर्दी कमी असते, म्हणून सकाळी सहाचा क्लास जमण्यासारखा होता. त्यांनी फोनवर यादी पाठवली. क्लासच्या तासभर आधी थोडं खा, केळं चालेल. पाण्याची बाटली, टॉवेल, कडक तळाचे बूट, आणि खाली पॅड लावलेली सायकलची चड्डी. दहा मिनिटं आधी या, सीट लावून घ्या.

चड्डीपाशी मी अडले. आमच्या घरात रेडिमेड कपडा येत नाही. लग्नाच्या शेरवानीपासून पोरांच्या लंगोटापर्यंत सगळं घरी शिवलेलं. शिंप्याने रेडिमेड घालणं म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा मागवणं, असं अप्पा म्हणायचे. तेव्हा मी दुकानातलं ताणलं जाणारं काळं कापड घेतलं, आणि पॅडेड ब्लाऊजला लावतो तो फोम दुहेरी करून आत बसवला. इतकी सुबक झाली की दोघी बायका म्हणाल्या, अक्का, हेच शिवून विकू या. फक्त एक गोष्ट मी विसरले. ब्लाऊजवर कुणी बसत नाही. मी मधोमध जाड शिवण घातली होती. पहिल्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं त्या शिवणीवर बसले आणि संध्याकाळी दुकानात उभ्यानेच कापत होते.

त्या रात्रीचं जेवण व्हायच्या आधी मी ती चड्डी उसवली. शिवण बाजूला घेतली, टाके सपाट केले, फोम एकसंध ठेवला. झालं, एका संध्याकाळीत चूक दुरुस्त. कापडाचं असंच असतं. चुकलं की टोचतं, टोचलं की उसवायचं.

क्लासचं मात्र काही उसवेना. खोलीत अंधार, लाल-निळे दिवे, आणि गाण्याचा असा दणदणाट की छातीतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं कळू नये. वीस सायकली, सगळ्या एका जागी. पुढे उंच चौथऱ्यावर शिकवणारी मुलगी, पंचविशीची, कानापासून तोंडापर्यंत माइक. इंग्रजीत ओरडायची. आणखी, आणखी, सोडू नका, तुम्ही करू शकता. मी काय करू शकते हे हिला काय माहीत, असं मनात म्हणत मी पाय मारायची. बाकीची पोरं-पोरी कॉम्प्युटरवाली, त्यांच्या पाठी बसून वाकलेल्या आणि माझा गुडघा उभं राहून झिजलेला. दारात भेटली की मला वाट द्यायची, आंटी तुम्ही आधी. माझ्यासाठी कोपऱ्यातली, पंख्याखालची सायकल कायम रिकामी ठेवलेली असायची. बरं वाटायचं, खोटं का बोला.

पहिल्या दिवशी त्या मुलीने माझी सीट लावून दिली होती. चढून बसले तर पाय लोंबकळायला लागले. जमीन कुठे तरी खाली राहिली. ती काहीतरी समजावायला लागली, तर मी हिंदीत म्हटलं, बेटा, तू जन्मायच्या आधीपासून मी सायकल चालवते, मला कळतं. ती चौथऱ्यावर गेल्यावर मी खुंटी ओढली, सीट खाली घेतली आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात ना बघितलं. त्यानंतर रोज तेच. दहा मिनिटं आधी जायचं, आधीच्या माणसाने वर नेलेली सीट खाली आणायची, पाय टेकवून बघायचे, मग सुरू. शिवाय सायकल घट्ट करायची जी गुंडी असते ती मी पार ढिली ठेवायची. पाय मशीनवर पडल्यासारखे भरभर फिरायचे, घाम यायचा, मला वाटायचं वा, काय मेहनत चालली आहे.

दोन आठवड्यांत गुडघा पुढून दुखायला लागला. चार आठवड्यांत सुजला. मी म्हटलं, जुनं दुखणं निघतंय, निघू दे. पाचव्या आठवड्यात श्रावण लागला आणि वरमहालक्ष्मीच्या व्रताच्या ब्लाऊजांची रांग लागली. चिकपेटमध्ये त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. टोपली दिवसभर वर-खाली. आणि मी सकाळी बसने मॅजेस्टिकच्या स्टँडला, तिथून मेट्रोने एक स्टेशन, स्टेशनपासून लंगडत गल्लीत, आणि मग त्या जिन्यासमोर उभी.

एका सकाळी पाचव्या पायरीला पाय उचलेनाच. दोघी बायका वर माझी वाट बघत होत्या, कापलेलं एकही ब्लाऊज शिल्लक नव्हतं. मी साडी आवळली, पायरीवर बसले आणि पाठमोरी, बूड टेकत टेकत एकेक पायरी वर गेले, रांगत्या पोरासारखी, फक्त उलटी. अण्णा काउंटरवरून बघत होता. त्याने उठून हात द्यावा, तर तो जागचा हलला नाही. उलट म्हणाला, "कशाला जिवाचे हाल करून घेतेस? साडीवाला काल परत विचारत होता."

मला रडू आलं नाही, एवढा राग आला. अण्णाचा आला, साडीवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या चौथऱ्यावरच्या पोरीचा. सहा आठवडे मी पहाटे उठून केळं गिळत होते, ते हे बूड घासत चढण्यासाठी?

दुसऱ्या दिवशी मी सहाला क्लासमध्ये गेले ते भांडायला. बूट घातले नाहीत, चपलाच. क्लास सुरू व्हायचा होता, सगळे सायकलींवर चढत होते. मी मधोमध उभी राहिले आणि हिंदी, इंग्रजी, कन्नड जे तोंडात येईल ते बोलले. म्हटलं, तुम्ही लोकांचे पाय मोडता. अंधार करता म्हणजे कुणाला दिसू नये. हे शिक्षण नाही, हा तमाशा आहे. माझं नाव काढा. मुलीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग माइक बाजूला सारून, टॉवेल उचलता उचलता, स्वतःशीच पुटपुटली.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

स्वच्छ मराठीत. मी अशी उभी राहिले की जणू कुणी मागून पदर ओढला.

"काय म्हणालीस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुमी मराठी हाय?"

"तीनशे वर्षांपासून, इथेच राहून. तू कुठली?"

"बेळगावची." आणि मग तिचाही संयम सुटला असावा. "अक्का, राग मानू नगा, पण पाय सायकलीनं मोडला न्हाई तुमचा. रोज सीट खाली कोण घेतंय? तुमीच की. गुडघा छातीला लागतोय तुमचा, अन् गुंडी पार ढिली. असं चालवलं तर माझासुद्धा गुडघा जाईल."

"रोज बघतेस?"

"रोज बघते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? आईच्या वयाच्या तुमी. पयल्या दिवशी सांगाय गेले तर तुमी म्हनला, तू जन्मायच्या आदीपासनं चालवते. म्हटलं थोरल्या माणसाला पुन्ना पुन्ना टोकणं बरं दिसत न्हाई. मान ठेवला."

मान ठेवला. माझा मान ठेवला आणि गुडघा घालवला. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. माझ्याकडे ज्या बायका शिवतात त्यांचा टाका वाकडा गेला तर मी त्यांच्या डोळ्यांदेखत उसवते, मग ती बाई माझ्यापेक्षा मोठी का असेना. धाकट्यांनी मला असंच शिकवावं असं मात्र मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. मला पंख्याखालची सायकल दिली, दारात वाट दिली, आंटी म्हटलं, आणि वीस माणसांत एकानेही सांगितलं नाही की बाई, तुमचं चुकतंय. आणि मी फुगले. पोरीचा राग करता करता तो माझ्याच अंगावर उलटला, आणि तो जास्त वाईट असतो, कारण त्याला ओरडता येत नाही.

"चल," मी म्हटलं. "सीट कुठपर्यंत हवी ते दाखव."

"सायकलीच्या बाजूला उभं ऱ्हावा. हितं." तिने माझ्या कमरेच्या बाजूच्या हाडावर बोट ठेवलं. "ह्या हाडाच्या बरोबरीनं सीट."

त्या हाडावर मी चाळीस वर्षं टेप ठेवते आहे. घागऱ्याची उंची तिथून, परकराची तिथून, सलवारीची तिथून. हजारो बायकांच्या त्या हाडाला माझं बोट लागलं असेल. स्वतःच्या हाडाला नाही. मी गळ्यातली टेप काढली, कमरेपासून टाचेपर्यंत लावली, मग सीट माझ्या रोजच्या उंचीला आणून जमिनीपासून तिथपर्यंत लावली. एक वीत आणि वर दोन बोटं कमी. एवढं कमी मापाचं कापड मी गिऱ्हाईकाला दिलं असतं तर अप्पांनी कात्री फेकून मारली असती.

"आता वर बसा," सीट चढवून मुलगी म्हणाली. "टाच पॅडलवर ठेवा. पॅडल पार खाली गेल्यावर पाय सरळ झाला पायजे. मग पंजा ठेवला की गुडघा स्वल्प वाकतोय बगा. तेवडंच वाकाय पायजे."

मी बसले. पाय लोंबकळले. आणि भीती वाटली. खरंच वाटली. वीस माणसांसमोर भांडताना वाटली नव्हती ती भीती. क्लास सुरू झाला, दिवे गेले, आणि पाचव्या मिनिटाला माझा डावा पाय आपोआप जमीन शोधायला खाली गेला. या सायकलींचं जड चाक एकदा फिरायला लागलं की पाय काढला तरी पॅडल फिरतच राहतं. ते फाडकन नडगीवर बसलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला एकदम दिसला तो मैदानावरचा अण्णा.

मी नऊ वर्षांची होते, तो पंधरा. तासावर भाड्याने सायकल आणली होती. त्याने दगडाने ठोकून ठोकून सीट पार खाली बसवली आणि मला वर चढवलं. पाय टेकले पाहिजेत, तो म्हणाला. पाय टेकत नसतील तर पडशील. पडलीस तर अप्पा मला मारतील. तो पूर्ण तासभर मागून कॅरियर धरून धावला. मी पडले नाही. त्यानंतर आयुष्यात ज्या ज्या सायकलीवर बसले, ती पाय टेकतील एवढीच ठेवली, आणि आता जी सायकल पडूच शकत नाही, तिच्यावरही मी पाय टेकायला बघत होते. गाणं चालू होतं म्हणून बरं. मी मोठ्याने स्वतःला गाढव म्हटलं.

मी नाव काढलं नाही. पहिले दहा दिवस डॉक्टरांच्या सांगण्यावरून नुसतं हळू चालवलं, सूज उतरेपर्यंत. मग गुंडी एकेक घर आवळत गेले, पाय जणू चिखलातून काढावा इतपत. गुंडी ढिली ठेवून भरभर पाय मारणं म्हणजे बिनधाग्याचं मशीन चालवणं, हे मला कुणी दिवसाला दहादा सांगितलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. आता ती मुलगी सांगायची. माइकवरून, सगळ्यांदेखत, मराठीत. "अक्का, खांदे खाली. अक्का, हँडल दाबू नगा, भाकरी थापताय काय? अक्का, गुंडी आवळा, मी बघतेय." सगळा क्लास हसायचा. मी मनात तिला शिव्या घालायची आणि गुंडी आवळायची. क्लास संपल्यावर लगेच उतरून पळायचं नाही, पाच मिनिटं सावकाश फिरवायचं, मग मांड्या ताणायच्या, हेही तिनेच बसवलं. मी सटकायला लागले तर दारात आडवी उभी राहायची. पंख्याखालची सायकल मी सोडून दिली. तिच्या चौथऱ्यासमोरची घेतली.

भाद्रपदात मी वळणापर्यंत न थांबता चढायला लागले. नवरात्र बसलं तेव्हा अठरा पायऱ्या. अण्णाला काही सांगितलं नाही. तो काउंटरवर पाठमोरा बसलेला असायचा आणि मी मागून वर जायची, त्याने कधी मान वळवली नाही. मला त्याचाही राग होता. बहीण पायाशी झुंजते आहे आणि भाऊ बटणं मोजतो आहे. ऐदी, मी मनात म्हणायची. गोदामाचं ठरवून बसला आहे.

आयुधपूजेच्या सकाळी गल्ली शेवंतीच्या फुलांनी पिवळी झाली होती. दारांना केळीचे खुंट, हातगाड्यांना हार, स्कूटरच्या चाकाखाली लिंबं. अण्णाने काउंटर धुऊन पुसून ठेवलं होतं. चुरमुरे, कोहळा, कुंकू, सगळं मांडलेलं. आदल्या दिवशी मशीनना तेल घालून झालं होतं, त्या दिवशी टाका घालायचा नसतो.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "बघ," म्हटलं, आणि चढले. दोर धरला नाही. वळणावर गुडघ्याने नुसती आठवण करून दिली, पण मांडीने उचललं. तेविसावी पायरी आली तेव्हा धाप लागली होती, दुखत नव्हतं. दोघी बायकांनी वर टाळ्या वाजवल्या. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला, अप्पांच्या खुणांवर, आणि खिडकीतून खाली ओरडले, "अण्णा, तेवीस. ये आता वर, पूजा करू."

उत्तरादाखल घंटी वाजली. मी दोरी ओढली. टोपलीतून पूजेचं ताट वर आलं, निरांजन न लावता, काड्यापेटी बाजूला ठेवलेली.

मी त्या ताटाकडे बघत उभी राहिले. मागच्या वर्षीही ताट टोपलीतूनच आलं होतं. अण्णा म्हणाला होता, धुराने खोकला येतो, तूच ओवाळ. त्याच्या मागच्या वर्षी म्हणाला होता, खाली गिऱ्हाईक आहे. आयुधपूजेला कुठलं गिऱ्हाईक? मी आठवत गेले. अण्णा वर कधी आला होता? दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. मला खुर्चीतून उतरवलं तेव्हा तो खालीच उभा होता, हमालांना बोलावलं ते त्याने. मी पाठमोरी चढले तेव्हा तो जागचा हलला नव्हता.

मी खाली उतरले. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, पण मला ते नंतर आठवलं.

"चढ," मी त्याला म्हटलं.

"अगं, इथे कुणीतरी पाहिजे—"

"शटर अर्धं बंद आहे. चढ."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दोर दोन्ही हातांनी धरला आणि एक पाय वर ठेवला. दुसरा शेजारी आणला. पुन्हा एक. सहाव्या पायरीवर तो बसला. धोतराच्या काठाने त्याने तोंड पुसलं. मी त्याच्या दोन पायऱ्या खाली उभी होते, आणि त्याचे दोन्ही गुडघे माझ्या डोळ्यांसमोर होते. धोतरातूनही सूज दिसत होती. माझ्यापेक्षा वाईट.

"किती दिवस?"

"तीन वर्षं झाली असतील."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? थोरला मी. तू वर सांभाळत होतीस म्हणून कुणाला कळत नव्हतं. तुझाही पाय गेला तेव्हा मला वाटलं... खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. आता दुकान तुझ्यामुळे बंद झालं असं म्हणता येईल."

मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. तीन वर्षं हा माणूस काउंटरमागे लपून बसला होता. अप्पांचं टेबल मोडायला निघाला होता, पण दुखतं म्हणायला तयार नव्हता. मी त्याला बरंच बोलले. गल्लीतल्या लोकांनी ऐकलं असेल. शेवटी तो म्हणाला, "साडीवाल्याला सांगतो, गोदाम मिळणार नाही. तू चढलीस. शब्द दिला होता."

"ते तर सांगच. आता ऊठ. सरळ उभा राहा."

तो दोर धरून उभा राहिला. मी गळ्यातली टेप काढली, वाकले, तिचं एक टोक त्याच्या कमरेच्या हाडावर धरलं आणि दुसरं टाचेपर्यंत नेलं.

"कशाचं माप?"

"सीटचं. सोमवारी सकाळी सहा वाजता. केळं खाऊन ये. एक पोरगी आहे, ती तुझा मान ठेवणार नाही, मी सांगून ठेवते."

नऊ वर्षांच्या पोरीने विचारावं तसं त्याने विचारलं, "पाय टेकतात ना गं जमिनीला?"

"नाही टेकत," मी म्हटलं. "ती सायकल पडत नाही, अण्णा."